तिर्रीची जोडी

दादाने दोन्ही तळहात पोकरच्या चिप्सच्या ढिगामागे लावले आणि अख्खा ढीग एका दमात पुढे सरकवला. वरच्या दोन-तीन चिप्स घसरून हिरव्या कापडावर गरगरत गेल्या आणि आडव्या झाल्या.

"सगळं," तो म्हणाला.

त्याच्या शेजारच्या विमावाल्याने जिभेने टक् असा आवाज करून आपले पत्ते टाकून दिले. त्याच्या पुढच्यांनीही टाकले. रंगाऱ्याने तर पत्ते टाकताना ते हात भाजल्यासारखे दूर लोटले. त्याच्यापुढे चिप्स उरल्या होत्या जेमतेम मूठभर, आणि आणखी एखादा डाव कसाबसा तग धरायचा एवढंच त्याचं चाललं होतं.

आता उरली एकटी चष्मेवाली.

बाजारात तिचं चष्म्यांचं दुकान होतं, म्हणून क्लबात तिच्यामागे तिला सगळे चष्मेवाली म्हणत आणि समोर ताई. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. तो शाळेच्या मुलांची व्हॅन चालवायचा. तिने आपल्या पत्त्यांचे कोपरे मघाशीच उचलून पाहिले होते, तरी पुन्हा एकदा पाहिले. इस्पिकची तिर्री, बदामाची तिर्री. बदललेलं काही नव्हतं.

सकाळी नऊ वाजता क्लबच्या वरच्या हॉलमध्ये स्पर्धेला चौसष्ट जण बसले होते. आता दुपारचे चार वाजून गेले होते आणि एका टेबलाभोवती नऊ जण उरले होते. आठ जणांची नावं दरवर्षी जिन्याजवळच्या लाकडी फळीवर रंगवली जायची. नवव्याला काहीच मिळायचं नाही, चहासुद्धा स्वतःच घ्यायचा. त्या फळीवर दादाचं नाव चार वेळा होतं. तिचं अकरा वर्षांत एकदाही नव्हतं. आणि आज घास इतका तोंडाशी आला होता की रंगारी एकदा उठला की झालं, ती आत.

लहान जोडीचं काय करायचं हे दादानेच तिला शिकवलं होतं, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, वहिनी भाजी निवडत असताना.

"सकाळी चिप्स भरपूर असतात," तो सांगायचा, "तेव्हा तिर्री, चौकी, पंजीची जोडी आली तर स्वस्तात आत शिरायचं. टेबलावर पहिले तीन पत्ते उघडले की बघायचं. त्यात तिसरी तिर्री निघाली तर समोरच्याला धुऊन काढायचं. नाही निघाली तर गुपचूप टाकायचे. हळहळायचं नाही."

"आणि संध्याकाळी?"

"संध्याकाळी चिप्स आटतात, तेव्हा स्वस्तात काही मिळत नाही. मग एकच नियम. सगळं ढकलणारी तू असशील तर ढकल, समोरचा घाबरून टाकेल. पण दुसऱ्याने आधी ढकललं असेल तर तू टाक. त्याच्याकडे मोठी जोडी असेल तर पाचातून चारदा तू मेलीस. आणि दोन सुटे मोठे पत्ते असले तरी नाणं उडवल्यासारखंच. नाणं उडवायचं तर दिवसभर खुर्ची कशाला झिजवायची?"

नियम असा स्वच्छ होता. दुसऱ्याने ढकललं होतं. नववी जागा होती. रंगारी शेवटचे श्वास मोजत होता. टाकायचे. तिची बोटं पत्त्यांच्या कडेवर गेलीसुद्धा, पण तिथेच थांबली, कारण ढकलणारा दादा होता.

शुक्रवारी संध्याकाळी दादा तिच्या दुकानात चष्म्याची काडी घट्ट करून घ्यायला आला होता. आलाच आहेस तर नंबर तपासते, असं म्हणून तिने त्याला आतल्या खुर्चीवर बसवलं. समोरच्या तक्त्यावरची सगळ्यात खालची, सगळ्यात बारीक ओळ त्याने धडाधड म्हणून दाखवली. तिला कौतुक वाटलं. मग तिच्या लक्षात आलं की हा माणूस वीस वर्षं या दुकानात येऊन बसतो आहे, तो तक्ता त्याला पाढ्यांसारखा पाठ असणार. तिने कपाटातून दुसरा तक्ता काढला आणि त्याच खिळ्याला अडकवला.  वरून दुसरी ओळ त्याला लागेना. मान तिरकी करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याने दोन अक्षरं वाचली, तीही चुकीची.

"मधोमध काय दिसतं?" तिने विचारलं होतं.

"डाग आहे थोडा. काचेवर बोट लागल्यासारखा."

"दोन्ही डोळ्यांत?"

"बाजूचं सगळं स्वच्छ दिसतं गं. बाजूचं तर तुझ्यापेक्षा चांगलं दिसतं."

ती चष्मे विकणारी होती, डॉक्टर नव्हती, पण एवढं कळायला डॉक्टर लागत नाही. तिने त्याला सांगितलं की सोमवारी दवाखान्यात जायचं आणि व्हॅन आजपासून बंद. दादाने आधी थट्टा केली, मग आवाज चढवला, मग आवाज पाडला. एकोणीस वर्षांत एकाही मुलाला खरचटलं नाही म्हणाला. वहिनीला सांगू नकोस म्हणाला. आणि शेवटी म्हणाला ते हे, की रविवारी स्पर्धा आहे, तूही आहेस, मीही आहे. दिवसभर माझ्यावर नजर ठेव. पत्ते वाचता आले तर मला एक महिना दे. एक पत्ता जरी चुकलो, तर सोमवारी व्हॅनची किल्ली तुझ्या हातात.

पत्ते वाचणं वेगळं आणि रस्ता वाचणं वेगळं, हे काय तिला कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण आई-वडील गेले तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि दादा वीसचा. तिची वेणी घालायला तो शिकला होता. तिच्या कोर्सची फी भरायला त्याने दोन वर्षं दुसऱ्याची मालवाहू गाडी चालवली होती. अशा माणसाला 'नाही' म्हणायला जी जीभ लागते ती तिच्याकडे नव्हती. शनिवार-रविवार शाळा बंद असते, मुलं व्हॅनमध्ये नसतात, दोन दिवसांनी काही बिघडत नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली. त्या संध्याकाळी तो व्हॅन घेऊनच घरी गेला. ती दुकानाच्या पायरीवर उभी राहून व्हॅन वळणाआड जाईपर्यंत बघत राहिली आणि तिला स्वतःची चीड आली.

"ताई, विचार करायला आख्खा जन्म पडलाय," विमावाला म्हणाला. "पण आम्हाला घरी जायचंय."

"करू दे की तिला विचार," रंगारी म्हणाला. त्याला विचारच काय, तिने झोप काढली असती तरी चाललं असतं. दुसरं कुणीतरी मरावं म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता.

 दादा मान किंचित डावीकडे वळवून बसला होता, टेबलाच्या कडेकडे बघितल्यासारखा. अनोळखी माणसाला वाटलं असतं, काय निर्विकार खेळाडू आहे. तिला माहीत होतं की मान तशी वळवली की त्याला तिचा चेहरा दिसतो.

सकाळी सगळं ठीक होतं. पहिल्या तासात दादाने एक डाव शेवटपर्यंत नेला आणि पत्ते उघडताना 'नव्वी आणि दश्शी' असं स्वतःच म्हणाला. ती पलीकडच्या टेबलावरून मान उंच करून बघत होती. नव्वी आणि दश्शीच होत्या. दुसऱ्यांदा राजा आणि गुलाम, तेही बरोबर. तिचा जीव भांड्यात पडला होता. जेवायच्या सुट्टीत त्याने भुवया उडवून 'काय मग?' असं न बोलता विचारलंही होतं.

पण सकाळचे पत्ते मोठ्या आकड्यांचे होते, हल्ली सगळीकडे असतात तसे. शेवटच्या टेबलाला मात्र या क्लबात एक रीत होती. त्या टेबलासाठी कपाटातून पत्त्यांचा ठेवणीतला कॅट निघायचा. जुना, जाड, सोनेरी कडांचा. कुणा संस्थापकाने दिलेला म्हणे. पत्ते वाटायला बसलेली ग्रंथपाल बाई तो पेटीतून असा काढायची जसं काही बाळच आहे. दिसायला देखणा कॅट, पण कोपऱ्यातले आकडे तांदळाएवढे. चष्मेवालीने पहिला पत्ता उचलला तेव्हाच तिची नजर दादाकडे गेली.

तेव्हापासून दोन तास झाले होते. या दोन तासांत दादाने टेबलाच्या मध्ये उघडलेला एकही पत्ता बघितला नव्हता, म्हणजे तिथवर थांबलाच नव्हता. एक तर कोपरे उचलायचे आणि टाकायचे, नाही तर कोपरे उचलायचे आणि सगळं ढकलायचं. असं त्याने चारदा ढकललं होतं. चारही वेळा बाकीच्यांनी पत्ते टाकले, कारण दादाने ढकललं म्हणजे काहीतरी भारी असणार अशी त्याची ख्याती होती. आणि सगळ्यांनी टाकले की जिंकणाऱ्याने आपले पत्ते दाखवायची गरज नसते. ते उपडे ढिगात जातात आणि ढीग पिसला जातो. दादाचे आठही पत्ते कुणी पाहिले नव्हते.

ही तिची चूक होती. सगळा दिवस नजर ठेवायची म्हणून ती बसली होती, आणि पोकर खेळणारी असून तिच्या डोक्यात आलं नव्हतं की आपले पत्ते एकदाही न वाचता माणूस या खेळात दुपार काढू शकतो.

आता तिने टाकले तर दादाचे हेही दोन पत्ते ढिगात जातील. पाच वाजतील, सहा वाजतील, स्पर्धा संपेल. एकही पत्ता चुकला नाही, असं दादा म्हणेल, आणि तो खोटंही बोलत नसेल. उद्या सकाळी सातला बारा मुलं त्याच्या व्हॅनमध्ये बसतील.

तिने चिप्स पुढे केल्या तर पत्ते उघडावे लागतील. त्याचेही, तिचेही. दोघांपैकी एकाचं सगळं पणाला असेल तर दोघांनी पत्ते उताणे करून ठेवायचे, हा सगळीकडचाच नियम. त्याच्या चिप्स तिच्यापेक्षा जास्त होत्या. हरली की ती नववी.

"वेळ लावा," विमावाला म्हणाला. आता त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

ग्रंथपाल बाईने तिच्याकडे अपराधी नजरेने पाहिलं आणि मनगटावरचं घड्याळ टेबलावर काढून ठेवलं. "एक मिनिट, ताई. मिनिटात काही बोलला नाहीत तर तुमचे पत्ते बाद."

पंखे फिरत होते. खिडकीतून आलेलं ऊन टेबलाच्या पायांपर्यंत पोचलं होतं. चष्मेवालीने तळहात ओढणीला पुसले. न बोलता बसलं तरी भागणार होतं, हे किती सोपं होतं! काही करायचंच नव्हतं. मिनिट आपोआप गेलं असतं, आणि कुणीही तिला नावं ठेवली नसती, दादाने तर पाठच थोपटली असती. शिकवल्यासारखी खेळलीस म्हणाला असता.

"तीस सेकंद."

तिला त्याच्यावर राग आला. खूप राग आला. स्वतःहून सांगायचं सोडून हा माणूस तिला इथे आणून बसवतो, तिच्या अकरा वर्षांच्या खेळाच्या बदल्यात तिलाच सत्य विकत घ्यायला लावतो, आणि वर टेबलाच्या कडेकडे बघत बसतो. मग तिला त्याचा अंगठा दिसला. उजव्या हाताचा अंगठा तो बोटांच्या पेरांवरून फिरवत होता, एक, दोन, तीन, चार, पुन्हा एक. तो घाबरला होता. दादाला घाबरलेलं तिने याआधी फक्त आई-वडील गेले तेव्हा, दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिलं होतं.

"दहा."

"खेळते," ती म्हणाली.

विमावाला खुर्चीत मागे रेलला. रंगाऱ्याने डोळे मिटले आणि ओठ पुटपुटायला लागले. दादाचा अंगठा थांबला.

तिने आपल्या दोन्ही तिर्र्या उताण्या करून ठेवल्या. टेबलावरून एक हुंकार फिरला. एवढ्याशा जोडीवर या वेळेला कुणी सगळं घालत नाही, आणि निदान चष्मेवाली तरी घालणाऱ्यातली नव्हती.

"भाऊ, तुमचे," ग्रंथपाल बाई म्हणाली.

दादाने दोन्ही पत्ते एकाच हाताने उलटे केले आणि हात मागे घेतला.

"छक्क्या!" विमावाला ओरडला. "जोडीवर जोडी! च्यायला, भाऊ म्हणजे भाऊ!"

किलवरची छक्की, चौकटची छक्की. तिने पत्ते पाहिले आणि मग दादाकडे पाहिलं. विमावाला ओरडला त्या क्षणी दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल पडलं. भुवया वर गेल्या, ओठ जरासे उघडले. ते सगळं पापणी लवते तेवढ्यात झालं आणि लगेच पुसलंही गेलं. ज्याला आपले पत्ते माहीत असतात त्याचा चेहरा असा होत नाही.

तिने ते पाहिलं. आणि मग तिने ठरवलं की आपण काही पाहिलेलं नाही. छक्क्यांची जोडी होती. अशा जोडीवर या वेळेला दादा ढकलतोच, त्याने तिला तसंच शिकवलं होतं. तांदळाएवढे आकडे त्याने वाचले होते. त्याला महिना मिळाला होता आणि तिला तिच्या भावाशी भांडायचं नव्हतं. तिला एकदम इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

ग्रंथपाल बाईने मध्ये पाच पत्ते उघडले. तिर्री काही आली नाही. दश्शी आली, दुर्री आली, राणी आली, पुन्हा दुर्री आली, सत्ती आली. तिच्या चिप्स दादाच्या ढिगाकडे सरकवल्या गेल्या.

"वाईट वाटलं हो ताई," रंगारी म्हणाला. तो बिचारा खोटं बोलत होता. त्याचा चेहरा आनंदाने फुलला होता.

ती उठली. बाद झालेल्याने ज्याच्या हातून बाद झालो त्याच्याशी हात मिळवायचा असतो. तिने टेबलाला वळसा घालून हात पुढे केला. दादाने तो धरायला क्षणभर उशीर केला, आणि मग दोन्ही हातांनी घट्ट धरला. त्याचे हात थंडगार होते.

"चांगलं वाचलंस," ती हळूच म्हणाली. "महिना तुझा."

हे बोलून ती वळली आणि तोंड धुवायला म्हणून हॉलबाहेर आली. जिन्याजवळ बाकडं होतं, त्यावर बसली. समोर ती लाकडी फळी होती. तिने तिकडे बघायचं टाळलं आणि फोन काढून उगाच वर-खाली करत बसली. महिन्याभरात त्याला दवाखान्यात न्यायचं, गोड बोलून न्यायचं, तोवर सकाळी सातला आपण व्हॅनमध्ये त्याच्या शेजारी बसायचं, दुकान थोडं उशिरा उघडायचं, असे बेत ती करायला लागली. एकदा डोळेझाक केली की तिच्याबरोबर करायची कामं किती निघतात याचा तिला तिथे बसल्या बसल्या अंदाज येत होता.

हॉलचं दार उघडलं आणि दादा बाहेर आला. चौकटीला हात लावून, मग भिंतीला हात लावून तो बाकड्यापर्यंत आला.

"अरे, तू काय उठलास?" ती म्हणाली. "तिकडे डाव चालू असेल. तुझ्या चिप्स जातील ना."

"जाऊ देत." तो तिच्या शेजारी बसला. बराच वेळ गुडघे चोळत राहिला. "बारके, छक्क्या होत्या ना त्या?"

"असं काय विचारतोस? तूच उघडल्यास."

"उघडल्या मी. वाचल्या विमावाल्याने."

तिने फोन बाकड्यावर उपडा ठेवला.

"काळा आणि लाल, एवढं कळलं," दादा म्हणाला. "पुढे काही नाही. छक्की म्हण, अठ्ठी म्हण, एक्का म्हण. या कॅटवर दुपारपासून काही लागलंच नाही मला."

"तू कोपरे उचलत होतास."

"उचलायला नकोत? न उचलता खेळलो तर लोक म्हणतील, भाऊंना वेड लागलं."

"मग ढकललं कशावर?"

"जागा बघून. कोण किती गप्प आहे ते ऐकून. चिप्स हातात घोळवायचा आवाज बंद झाला की माणूस घाबरलेला असतो." तो थोडा हसला. "आणि आत्ता तुझ्यावर. लहान जोडी आली की तू श्वास घेतेस आणि सोडायचा विसरतेस. किती वर्षं ऐकतोय. म्हटलं, हिच्याकडे चौकी-पंजी काहीतरी आहे, ही टाकणार. मीच तर शिकवलंय."

"टाकणारच होते."

"मग?"

"मला तुझे पत्ते बघायचे होते."

दादाने मान हलवली. त्याचा चेहरा तिच्याकडे होता आणि नजर तिच्या कानापलीकडे कुठेतरी.

"पाहिलेस ना मग?" तो म्हणाला. "मी जिंकलो. गंमत बघ, जिंकलोच मी. तू हात मिळवलास, महिना दिलास. तुझा आवाज ओला झाला होता. मला तो महिना घेता येईना गं. मी प्रयत्न केला. पुढचा एक डाव बसलो. पत्ते आले, कोपरे उचलले, आणि मला वाटलं, आता उद्या मी हेच करणार. चौकात दिवा लाल की हिरवा ते शेजारची गाडी सुटल्यावर कळणार मला. आणि मागे ही बारा पोरं, त्यातली अर्धी झोपेत."

तिला रडू फुटलं. आवाज न करता ती रडली, ओढणीचं टोक तोंडावर धरून. तिला त्याच्याबद्दल वाईट वाटत होतं आणि स्वतःची लाज वाटत होती, आणि दोन्हींतलं जास्त काय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"दादा, मला कळलं होतं," ती शेवटी म्हणाली. "विमावाला ओरडला तेव्हा तुझं तोंड पाहिलं मी. मला कळलं होतं, आणि तरी मी महिना दिला."

यावर तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पहिल्यांदा जरासा चुकून कपाळावर, मग डोक्यावर.

हॉलमधून एकदम गलका झाला. टाळ्या, खुर्च्यांचे आवाज, कुणाचं तरी मोठ्याने हसणं. दार उघडून ग्रंथपाल बाईने डोकं बाहेर काढलं.

"भाऊ, रंगारी गेला! आता सातच उरलात. या ना, तुमचे पत्ते वाटायचेत."

"वाटा आणि टाका," दादा म्हणाला. "मी येत नाही."

"अहो, सगळ्यात जास्त चिप्स तुमच्या आहेत."

"असू देत. संपतील हळूहळू."

बाईने एकदा त्याच्याकडे, एकदा चष्मेवालीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं आणि काही न विचारता दार लावून घेतलं.

"वहिनीला सांगायचं?" चष्मेवालीने विचारलं.

"तिला घरी गेल्यावर. समोर बसून सांगेन, फोनवर नाही." दादाने शर्टाच्या खिशातून फोन काढला. त्याची काच बोटांच्या ठशांनी भरली होती. तो फोन त्याने तिच्या मांडीवर ठेवला. "आधी त्या बारा घरांना सांगू. उद्या सातला पहिली पोरगी वळणावर येऊन उभी राहते. तिच्या आईला आज कळलं तर ती बिचारी काहीतरी सोय बघेल."

"मी बोलू का त्यांच्याशी?"

"मी बोलतो. माझीच माणसं आहेत ती. तू फक्त नंबर लाव. नंबर मला पाठ आहेत, पण बोट भलतीकडे पडतं."

त्याने नंबर सांगायला सुरुवात केली, दोन-दोन आकडे, मुलांना शुद्धलेखन घालावं तसे सावकाश. ती बटणं दाबत गेली. रिंग वाजायला लागल्यावर तिने फोन त्याच्या कानाशी धरला, आणि आवाज तिलाही ऐकू येईल इतकी जवळ सरकली.

फोन उचलला गेला. पलीकडे त्या मुलीचाच आवाज आला, धापा टाकत, कुठून तरी पळत आल्यासारखा.

"व्हॅनकाका? काका, उद्या माझ्याजवळ मोठ्ठा पुठ्ठ्याचा किल्ला असणारे. मी पुढे बसू? पुढे तुमच्या शेजारी?"

दादाने चष्मा काढून मांडीवर ठेवला. चष्मेवालीने फोन त्याच्या कानाशी तसाच धरून ठेवला.

"आईला दे, बाळा," दादा म्हणाला. "आईशी बोलायचंय मला."